प्रमाण म्हणजे किती ग्रॅम?

डबा उघडला मामींनी आणि झाकण लावलं मामांनी. मधल्या अर्ध्या मिनिटात भाचीनं ओळखलं, की आज जेवायला उशीर होणार.

कराडजवळच्या मलकापुरात आगाशिवनगरच्या बाजूला, महामार्गापासून दोन गल्ल्या आत हे घर आहे. दिवाळी नुकतीच झालेली. कारखान्यांचं गाळप सुरू झालंय, उसाच्या जोडट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात आणि वारा फिरला की मळीचा आंबूस गोड वास अंगणापर्यंत येतो. मामांना तो वास येतो हेही आता कळत नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. रसाची ब्रिक्स आणि पोल ही मापं, उसातून किती टक्के साखर निघाली तो उतारा, मळीत वाया गेलेली साखर असा सगळा हिशेब दर पाळीला त्यांच्या वहीत उतरायचा. भाची पुण्यात आहारतज्ज्ञ आहे. मैत्रिणींबरोबर महाबळेश्वर करून ती दोन दिवसांसाठी मामाकडे आली होती. निघण्याआधी मामींनी फोनवर बजावलं होतं, "येताना चॉकलेट आण गं, काळं. शुगरला चांगलं असतं म्हणे." गेल्या महिन्यात मामींचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उंबरठा ओलांडू नये म्हणून त्या सकाळी चालायला जाऊ लागल्या होत्या आणि मोबाइलवर येणारं सगळं वाचू लागल्या होत्या.

भाचीनं मुद्दामच दोन प्रकार आणले होते. एक, रंगीत चांदीत गुंडाळलेल्या 'होममेड' चॉकलेटांचा डबा, डोंगरावरून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीत असतो तसा. दुसरी, पुण्याहून घेतलेली ऐंशी ग्रॅमची काळी पट्टी. तिच्यावर '७० टक्के कोको' असं छापलेलं.

"साखरेच्या आजाराला साखर," मामा म्हणाले. "चौतीस वर्षं साखर बघितली मी. तिला तपकिरी रंग लावला म्हणून ती औषध होत नाही."

"रंग लावलेली साखर वेगळी आणि कोको वेगळा, मामा. भांडण त्याच्यावरच आहे."

"भांडण कशाला? लेबल वाच की."

तिनं वाचलं. भारतात पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, जे सर्वांत जास्त ते पहिलं. डब्यावरचा पहिला शब्द होता साखर, दुसरा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. कोको पावडर चौथ्या क्रमांकावर होती आणि कोको बटरचं नाव कुठंच नव्हतं. मामांनी काही न बोलता हात पसरले, जिंकलेल्या माणसासारखे.

"हे चॉकलेट नाहीच," भाची म्हणाली. "ह्याला कंपाउंड म्हणतात. कोकोचं लोणी महाग, म्हणून त्याच्या जागी स्वस्त तेल. हात पुढे करा."

तिनं त्यांच्या एका तळव्यावर डब्यातला तुकडा ठेवला, दुसऱ्या तळव्यावर काळ्या पट्टीचा. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित खाली. मिनिटभरात काळ्या तुकड्याच्या कडा ओल्या झाल्या, तळव्यावर तपकिरी ठसा उमटला आणि नाकाशी भाजलेल्या बियांचा वास आला. डब्यातला तुकडा होता तसाच राहिला, फक्त मेणासारखा बुळबुळीत झाला. मामांनी दोन्ही तळवे दिव्याखाली धरून पाहिले. वितळणबिंदू ही गोष्ट त्यांच्या भाषेतली. त्यावर ते वाद घालत नाहीत.

आपल्या बोलीनंच ह्या गोंधळाला हातभार लावला आहे. मराठीत 'चॉकलेट' म्हणजे कुठलीही गोळी. दुकानदार सुट्ट्या रुपयाऐवजी हातात ठेवतो ते चॉकलेट, वाढदिवसाला वर्गात वाटतात ते चॉकलेट. मामांच्या लहानपणी चॉकलेट म्हणजे रावळगावची गोळी, आणि ती तर सरळ साखर कारखान्याचीच लेक. उद्योगपती वालचंद हिराचंदांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगावात उसाचा कारभार उभा केला, त्यातून पुढं गोळ्यांचा धंदा वाढला. तो ब्रँड २०२४ मध्ये २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेला. त्या गोळीत कोको असो वा नसो, नाव चॉकलेटच. त्यामुळं वर्तमानपत्रात 'चॉकलेट हृदयाला चांगलं' असं छापून आलं, की वाचणाऱ्याच्या मनात बरणीतली गोळी येते. संशोधकांच्या मनात असते कोकोची कडू बी.

"बी कडू असते?" मामींनी विचारलं.

"कडू आणि तुरट. मध्य अमेरिकेत हजारो वर्षं तिचं पाणीच प्यायचे, साखरेशिवाय. साखर युरोपीयांनी घातली, दूध तर फार उशिरा. स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरनं १८७५ च्या सुमाराला दुधाचं चॉकलेट केलं. म्हणजे गोड दुधाळ चॉकलेट हे दीडशे वर्षांचं पोर आहे, मामी. गुण आहेत ते कडूपणात."

कडूपणाचं महत्त्व मराठी घराला पटवावं लागत नाही. पाडव्याला कडुनिंबाची पानं गुळाबरोबर वाटून आपण वर्ष सुरू करतो. मामी मेथीदाणे भिजवून खातात, कारल्याचा रस पितात. कोकोच्या कडू-तुरट चवीला जी द्रव्यं कारण आहेत त्यांना फ्लॅव्हनॉल म्हणतात आणि त्यांतलं मुख्य एपिकॅटेचिन. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर काम करतं. अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अधिक सोडतात, वाहिनीचा स्नायू सैल पडतो, वाट थोडी रुंद होते, दाब उतरतो. हा वायू शरीरात असा निरोप्याचं काम करतो हे दाखवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. म्हणजे निदान यंत्रणा तरी हवेतली नाही.

"यंत्रणा समजली," मामा म्हणाले. "परिणाम सांग. माणसांवर काय झालं?"

भाचीनं कुना लोकांपासून सुरुवात केली. पनामाच्या किनाऱ्यालगत सॅन ब्लास बेटांवर राहणारी ही आदिवासी जमात. हार्वर्डचे डॉक्टर नॉर्मन हॉलेनबर्ग तिथं गेले ते रक्तदाब अभ्यासायला. बेटावरच्या म्हाताऱ्यांनाही वयाबरोबर रक्तदाब वाढलेला दिसेना, आणि मीठ तर ते भरपूर खात होते. तेच लोक पनामा शहरात राहायला गेले की दाब वाढायचा. बेटावर दिवसाला कितीतरी पेले घरच्या, फारशी प्रक्रिया न केलेल्या कोकोचे. शहरात तो सुटलेला.

"आणि बेटावर मासे, फळं, होडी वल्हवणं. शहरात रिक्षा. बाकीचं सगळं बदललंय की, आणि श्रेय एकट्या कोकोला? आमच्याकडं असा रिपोर्ट कुणी आणला असता तर मी सही केली नसती."

"हॉलेनबर्गांनीही त्या एका गोष्टीवर सही केली नाही. पुढं चाचण्या झाल्या."

इथं मामांची शंका योग्यच होती आणि तिला उत्तरही आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्र ताळा करते. २०१७ च्या त्यांच्या आढाव्यात ३५ चाचण्या आणि १,८०४ माणसं होती. फ्लॅव्हनॉलयुक्त कोकोनं रक्तदाब सरासरी १.७६ मिलिमीटरनं उतरला. ज्यांचा दाब आधीच जास्त होता त्यांचा वरचा आकडा सुमारे चारनं उतरला, ज्यांचा नॉर्मल होता त्यांना फारसा फरक पडला नाही. चाचण्या मात्र छोट्या, दोन ते अठरा आठवड्यांच्या.

"पावणेदोन." मामांनी आकडा हवेत तोलला. "एकशे चाळीसचं एकशे अडतीस. हे मशीनच्या चुकीत जातं, पोरी."

"एका माणसाचं जातं. हजारो माणसांच्या सरासरीत जात नाही. तुमच्या उताऱ्यात अर्धा टक्का वाढला तर कारखान्यात पेढे वाटत होता ना?"

ह्यावर मामा हसले. अर्धा टक्का उतारा म्हणजे एका हंगामात किती पोती, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मग कॉसमॉसची गोष्ट निघाली. अमेरिकेत २१,४४२ वयस्कर माणसांना घेऊन केलेली ही चाचणी. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण कोको नसलेल्या कॅप्सूल. साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ. निकाल २०२२ साली आला. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून १० टक्क्यांची घट दिसली, पण ती योगायोगानं आली नसेल असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. हृदयरोगानं झालेल्या मृत्यूंत मात्र २७ टक्के घट होती.

"पैसा कुणाचा?"

"काही भाग मार्स कंपनीचा. चॉकलेटवाल्यांचाच."

"बघ!"

"पण ऐका की पुढं. पैसा चॉकलेटवाल्यांचा आणि कॅप्सूलमध्ये चॉकलेट नव्हतंच. साखर नाही, लोणी नाही. नुसता कोकोचा अर्क. ती माणसं रोज चॉकलेट खाऊन बरी झाली असं कुणी म्हणालेलं नाही. पेपरवाले म्हणाले."

पेपरवाल्यांवरचा हा राग वाजवी आहे. २०१५ साली जॉन बोहॅनन नावाच्या विज्ञान पत्रकारानं त्यांचा हा प्रकार उघडा पाडला होता. त्यानं जर्मनीत १५ माणसांवर तीन आठवड्यांची एक 'चाचणी' केली, प्रत्येकाच्या अठरा गोष्टी मोजल्या आणि त्यांतलं जे योगायोगानं जुळलं ते उचलून जाहीर केलं, की चॉकलेटनं वजन लवकर उतरतं. पैसे भरले की छापणाऱ्या एका नियतकालिकानं ते छापलं आणि बघता बघता बातमी अनेक देशांत पोचली. नंतर त्यानं स्वतःच सांगितलं, की हे मुद्दाम रचलं होतं. मामींच्या मोबाइलवर येतो तो मजकूर अशाच वाटेनं आलेला असतो. साध्या भाबड्या माणसाच्या आजारपणाशी हा खेळ होतो, ह्याचं हे लिहिणाऱ्यालाही वाईट वाटतं.

"म्हणजे माझ्या शुगरला उपयोग नाही?" मामींनी सरळ विचारलं. इतका वेळ त्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

भाचीनं उत्तराला घाई केली नाही. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि आणखी तेरा कोटी साठ लाख माणसं मामींसारखी उंबरठ्यावर आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशभर केलेल्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढं आलं. अशा माणसाला खोटी आशा देणं सोपं असतं.

"दोन गोष्टी आहेत, मामी. अमेरिकेतल्या नर्सेस आणि इतर आरोग्य व्यावसायिकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, तो २०२४ च्या डिसेंबरात छापून आला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी दिसलं. दुधाच्या चॉकलेटनं तसं काही दिसलं नाही, उलट ते खाणाऱ्यांची वजनं वाढली. पण हे लोक खात होते ते नुसतं पाहिलेलं. डार्क खाणारा माणूस भाजीही जास्त खात असेल, व्यायामही करत असेल. ते सगळं वजा करायचा प्रयत्न होतो, पुरता होत नाही. आणि कॉसमॉसमध्ये, जिथं खरोखर कॅप्सूल देऊन पाहिलं, तिथं कोकोनं मधुमेह टळला नाही. २०२३ चा निकाल आहे तो."

"मग चालणंच बरं."

"चालणं आधी. चॉकलेट औषध म्हणून खाऊ नका. खावंसं वाटलं तर खा, आणि हे खा," तिनं काळ्या पट्टीवर बोट ठेवलं, "पण मोजून."

मामा खुर्चीत पुढं सरकले. "मोजून म्हणजे किती? डॉक्टर म्हणतात प्रमाणात, टीव्हीवर म्हणतात प्रमाणात, तुम्ही म्हणता प्रमाणात. प्रमाण म्हणजे आकडा. आकडा नसेल तर तो शब्द नुसता हात झटकायला."

ह्या लेखात कुणाचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवावं. 'प्रमाणात खा' हा सल्ला आपण इतका ऐकतो की त्याचा आवाजच येईनासा झाला आहे. प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या भुकेएवढं असतं. कोकोबद्दलच्या दाव्यांवर परदेशांतल्या सरकारी यंत्रणांनी जे ठरवलं त्यात आकडे आहेत, आणि ते फार कंजूष आहेत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१२ मध्ये मान्य केलं, की रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलनं रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकायला मदत होते. त्यासाठी फ्लॅव्हनॉल राखून बनवलेली कोको पावडर अडीच ग्रॅम, किंवा तसंच राखून बनवलेलं डार्क चॉकलेट दहा ग्रॅम पुरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) २०२३ मध्ये परवानगी दिली ती फक्त किमान चार टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको पावडरला, आणि पुरावा अगदी मर्यादित आहे हे वाक्य जोडूनच. साध्या चॉकलेटला ती लागू नाही.

"दहा ग्रॅम," मामा उठले. आतून वजनकाटा आणला. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं घेतलेला. पट्टीच्या आठ चौकोनांतला एक तळव्यावर गेला होता. आणखी एक मोडला. कट् असा आवाज आला, डब्यातला तुकडा मात्र मोडताना वाकला होता. काट्यावर १०.२.

"आता साखर. सत्तर टक्के कोको म्हणजे उरले तीस. त्यात मुख्य साखरच. म्हणजे ह्या चौकोनात तीन ग्रॅम."

"बरोबर. पंच्याऐंशी टक्क्यांची घेतली तर दीड. आणि साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये शंभराला पन्नास-साठ ग्रॅम साखर असते. चाळीस ग्रॅमची एक पट्टी खाल्ली की वीस-चोवीस ग्रॅम."

मामांनी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि बावीस ग्रॅम साखर ओतली. साडेचार चमचे. वाटीत छोटा ढीग झाला. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला ५० ग्रॅमची कमाल मर्यादा सांगते आणि २५ च्या आत राहिलं तर अधिक बरं म्हणते. पंचवीसच्या हिशेबानं एका पट्टीत दिवस जवळजवळ संपला.

"तीन ग्रॅम मात्र काहीच नाही," मामा स्वतःशीच म्हणाले आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

भाचीनं ती संधी सोडली नाही. "मामा, चहात किती घालता?"

उत्तर मामींनी दिलं. "दोन चमचे. दिवसाला तीन कप. आणि पाहुणे आले की चौथा."

दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम. तीन कप म्हणजे तीस. मामा ज्या चॉकलेटावर तासभर तुटून पडले होते त्याच्या दसपट साखर त्यांच्याच कपातून रोज जात होती. त्यांनी गुळाचा आधार घेऊन पाहिला. कराडच्या बाजारचा गूळ, चांगला, रसायन न घातलेला, तो कसा चालतो? भाचीनं त्यांचीच विद्या त्यांच्यासमोर ठेवली. गुळात सुक्रोज किती? मामा प्रामाणिक माणूस. "सत्तर ते पंच्याऐंशी टक्के," ते म्हणाले. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण रक्तात साखर चढायची ती चढतेच. आपल्या मातीतला म्हणून गुळावर जीव असणं समजण्यासारखं आहे. तो ह्या लिहिणाऱ्याचाही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर मात्र त्याला साखरेच्याच रांगेत उभं करावं लागतं.

मामांकडं अजून एक हत्यार होतं आणि ते चांगलं होतं. मामींच्या पुढ्यातल्या शेंगा. "तुझ्या काळ्या चॉकलेटात मॅग्नेशियम असतं म्हणतात. किती?"

"शंभर ग्रॅमला सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास."

"म्हणजे दहा ग्रॅमला तेवीस. शेंगदाण्यात?"

"शंभरला एकशे साठ-सत्तर."

"मूठभर, तीस ग्रॅम खाल्ले तर पन्नास. दुप्पट. किंमत चॉकलेटच्या पासंगाला नाही. वरून घातलेली साखर शून्य. आमच्या रानातली शेंग."

भाचीनं मान्य केलं, मनापासून. मॅग्नेशियमसाठी चॉकलेट खाणं म्हणजे मीठ हवं म्हणून लोणचं खाण्यासारखं आहे. फ्लॅव्हनॉलसुद्धा कोकोची मक्तेदारी नाही. तीच जातकुळी चहात असते, सफरचंदात, द्राक्षांत असते. ज्याला चॉकलेट आवडत नाही त्यानं ओढूनताणून खावं असं काही नाही. ज्याला आवडतं, आणि जेवणानंतर ज्याचा हात बर्फीकडं किंवा क्रीमच्या बिस्किटाकडं जातो, त्यानं तो हात ह्या चौकोनाकडं वळवावा. वरून भर नको. भर घातली तर दहा ग्रॅमचे साठ उष्मांक रोज चढतात आणि वजन त्याचा हिशेब ठेवतं.

"तेच तर," मामी म्हणाल्या. "आपल्या गावच्या पाण्यासारखं."

दोघांनी त्यांच्याकडं पाहिलं. मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी असतं. नगरपंचायत असतानाच ही योजना झाली, घरोघरी मीटर बसले आणि वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्यानं चढता दर लागला. बाहेरगावचे अभियंते आणि नगरसेवक ती पाहायला यायचे. ठरावीक वेळेला पाणी यायचं तेव्हा मामी हंडे, पिंप, बादल्या, सगळं भरून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की शिळं म्हणून ओतून द्यायच्या. आता हवं तेव्हा येतं म्हटल्यावर साठा गेला. मीटर फिरतो म्हटल्यावर नळ उघडा राहीना. "डब्याला झाकण लावून काय होणार?" त्या मामांना म्हणाल्या. "अहो, मीटर लावा."

मामांचा विरोध ह्यानंतर मावळला असं म्हणणं खोटं होईल. त्यानं दिशा बदलली. आता त्यांना पट्टीच्या लेबलवरचे दोष दिसू लागले. सत्तर टक्के कोको, म्हणजे त्यात कोकोचं लोणी किती आणि कोरडा कोको किती? फ्लॅव्हनॉल असणार ते कोरड्या भागात. बी आंबवताना, भाजताना ते किती उडालं? भाचीनं सांगितलं, की रंग गडद आणि चव मऊ व्हावी म्हणून कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करतात तेव्हा फ्लॅव्हनॉलचा मोठा भाग नाहीसा होतो. काळा रंग म्हणजे अधिक गुण, हे खरं नाही. कोको पावडर घ्यायची तर अल्कलीप्रक्रिया न केलेली घ्यावी, कोमट दुधात अर्धा चमचा, साखरेशिवाय. चॉकलेटपेक्षा स्वस्तही पडते.

"आणि शिसं?" मामांनी कुठंतरी वाचलेलं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स ह्या ग्राहक संस्थेनं २८ डार्क चॉकलेटं तपासली. सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं. तेवीस नमुने असे होते, की त्यांतलं रोज तीसेक ग्रॅम खाल्लं तर दोन्हींपैकी एका धातूची तरी कडक मर्यादा ओलांडली जाते. कॅडमियम जमिनीतून बीत येतं, शिसं बहुतेक वाळवताना बसणाऱ्या धुळीतून. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी म्हणूनच रोजचा रतीब लावू नये. बाकीच्यांना दहा ग्रॅमची मर्यादा इथंही उपयोगी पडते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, छातीत जळजळ होते किंवा चॉकलेटनं डोकं चढतं, त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हा नाद करू नये. घरात कुत्रं असेल तर पट्टी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी. कोकोतलं थिओब्रोमिन माणूस पचवतो, कुत्र्याला ते विषारी ठरतं.

मामींनी तोवर चौकोन तोंडात टाकला होता. चावू नका, जिभेवर राहू द्या, असं भाचीनं आधीच सांगून ठेवलं होतं. आधी त्यांचा चेहरा आक्रसला, कारल्याच्या पहिल्या घासासारखा. मग कडूपणाच्या मागून कसलीशी आंबटसर, मनुक्यासारखी चव आली. त्यांनी डोळे मिटून घेतले. सगळा तुकडा विरघळायला दोन मिनिटं लागली. डब्यातली चॉकलेटं त्या एरवी दोन मिनिटांत चार खातात.

"दुसरा नको वाटतोय," त्या म्हणाल्या. स्वतःलाच नवल वाटल्यासारखं.

मामांनी बॉलपेन काढलं. पट्टीच्या कागदावर उरलेल्या सहा चौकोनांच्या जागी सहा तारखा लिहिल्या. मग नव्या वर्षाच्या कालनिर्णयवर फेब्रुवारीचं पान काढून मामींच्या पुढच्या रक्ततपासणीच्या दिवसाभोवती गोल केला, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'चहा १ चमचा' असं लिहिलं. ते स्वतःसाठी होतं. डबा भाचीच्या बॅगेत परत गेला.

भात उतरला होता, आमटीला उकळी आली होती. पण मामांनी कागद उलटा करून ग्राहक सेवेचा पत्ता शोधला होता. "हे वाच," ते भाचीला म्हणाले. "उष्मांक आहेत, प्रथिनं आहेत, मीठ आहे. ज्याच्यासाठी आपण हे खातोय त्याचा आकडा कुठाय? ऊस घेताना शेतकऱ्याला उतारा सांगतो आम्ही. ह्यांनी का सांगू नये? घे मोबाइल, टाइप कर."

त्यांनी उभ्यानंच मजकूर सांगायला सुरुवात केली. आपल्या डार्क चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये कोको फ्लॅव्हनॉल किती मिलिग्रॅम आहे, कोको अल्कलीप्रक्रिया केलेला आहे काय, आणि हे कोणत्या पद्धतीनं मोजलं, ते कृपया कळवावं. 'कोणत्या पद्धतीनं' ह्यावर त्यांनी दोनदा जोर दिला. मामींनी ताटं घेतली.